स्क्रीनवर अचानक कंस आणि आकडे का उमटायचे? ‘टर्मकॅप’ची गोष्ट

१५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हाचं ‘शेल अकाउंट’ म्हणजे ना फोटो, ना माऊस, फक्त अक्षरं. बोरिवली-मुलुंडच्या घरातून मोडेमने फोन लागला की पलीकडे युनिक्सवर चालणारा सर्व्हर असायचा. पण त्याला तुमचा स्क्रीन दिसत नाही. एका ओळीत किती अक्षरं मावतात, स्क्रीन पुसायला कोणता संकेत पाठवायचा, हे त्याला कळणार कसं?

त्यासाठी होती ‘टर्मकॅप’ नावाची फाईल. १९७८ च्या सुमारास बर्कली विद्यापीठात बिल जॉय यांनी ही पद्धत आणली. फाईलमध्ये प्रत्येक प्रकारच्या टर्मिनलची एक नोंद. सी भाषेतलं ‘टीगेटएंट’ हे फंक्शन नावावरून ती नोंद शोधतं. सापडली तर १, नाही तर ०, फाईलच उघडली नाही तर उणे १. मग ‘टीगेटनम’ आकडे काढतं (उदाहरणार्थ, ८० रकाने), ‘टीगेटफ्लॅग’ हो की नाही ते सांगतं आणि ‘टीगेटस्ट्र’ प्रत्यक्ष संकेत देतं.

गंमत (खरं तर डोकेदुखी) व्हायची ती टर्मिनलचं नाव चुकलं की. भलत्याच टर्मिनलचे संकेत यायचे आणि ईमेल वाचताना मध्येच कंस-आकड्यांचा कचरा पडायचा. दोष मोडेमचा वाटायचा, तिकडे फोनचं बिल चढत राहायचं! नाव बदलून ‘व्हीटी१००’ केलं की बहुतेकदा काम भागायचं.

आज लिनक्स आणि मॅकवर ‘टर्मइन्फो’ आहे, तरी जुन्या प्रोग्रॅमसाठी ‘एनकर्सेस’ लायब्ररीने ही फंक्शन्स जपली आहेत. दूरच्या सर्व्हरने ‘टर्मिनल ओळखता येत नाही’ असं म्हटलं, तर वायफायला शिव्या देण्याआधी ‘टर्म’ या व्हेरिएबलमध्ये काय लिहिलंय ते बघा.