कालवडींसाठी वळूची निवड
प्रथमच भरवावयाच्या कालवडींकरिता योग्य वळू ठरविण्याची पद्धती. गोमांसोत्पादक गुरांच्या पैदाशीत, विशेषतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, ही निवड केवळ वळूच्या बाह्यांगावरून किंवा वंशावळीवरून करीत नाहीत. त्याच्या संततीत कोणते गुण किती प्रमाणात उतरतील याविषयी सांख्यिकीय रीतीने काढलेल्या अनुमानांचा आधार घेतात. अशा अनुमानास ‘अपेक्षित संतती-फरक’ असे म्हणता येईल.

अमेरिकेतील अनेक कळपांत कालवड १४–१५ महिन्यांची असता भरवितात व ती सु. दोन वर्षांची असताना विते. या वयात तिची वाढ पुरी झालेली नसते व श्रोणिमार्ग अरुंद असतो. वासरू मोठे असल्यास कालवड अडते. प्रसूती लांबल्याने वासरू गुदमरून दगावते. जगलेच तर ते अशक्त असते व त्यास वेळेवर चीक मिळत नाही. मातेच्या मज्जातंतूंना इजा होऊन ती काही काळ उठू शकत नाही, पुन्हा माजावर उशिरा येते आणि पुष्कळदा पुढच्या हंगामात गाभण राहत नाही. विस्तीर्ण कुरणांवर शेकडो गुरे थोड्या माणसांच्या देखरेखीखाली विणारी असतात, तेथे प्रत्येक अडलेल्या कालवडीस वेळीच मदत मिळणे शक्य नसते. १९६० नंतरच्या दशकात शॅरोले, सिमेंटाल यांसारख्या मोठ्या बांध्याच्या यूरोपीय जातींचा उत्तर अमेरिकेत प्रसार होऊ लागला, तसा हा प्रश्न अधिक तीव्र झाला.

वळू जन्मला तेव्हा त्याचे वजन किती होते, हे पाहण्याची पूर्वापार रीत आहे. ती अपुरी आहे. जन्मवजनावर मातेचे वय, तिचा आहार व हवामान यांचाही परिणाम होतो. कडक थंडीच्या प्रदेशात जन्मलेली वासरे उष्ण प्रदेशातील वासरांपेक्षा सामान्यतः वजनदार असतात, तर पहिलारू मातेची वासरे प्रौढ गाईच्या वासरांहून हलकी असतात. तेव्हा दोन कळपांतील वळूंच्या नोंदींतील आकड्यांची सरळ तुलना फसवी ठरते. अरुंद डोक्याच्या व उतरत्या खांद्यांच्या वळूची वासरे सहज जन्मतात हा समजही प्रयोगांत टिकलेला नाही; वजनाचा परिणाम वगळल्यावर वासराच्या ठेवणीचा प्रभाव अल्पच उरतो.

परिस्थितीचा व आनुवंशिकतेचा वाटा वेगळा काढण्याची गणिती पद्धत कॉर्नेल विद्यापीठातील चार्ल्स हेंडरसन यांनी प्रथम दुभत्या गुरांच्या संदर्भात विकसित केली. तीत वळूची स्वतःची, त्याच्या नातलगांची व संततीची माहिती एकत्र घेतात आणि एकाच कळपात, एकाच हंगामात वाढलेल्या वासरांचीच परस्परांशी तुलना करतात. १९७० नंतर मांसोत्पादक जातींच्या संघटनांनी या धर्तीची वळू-मूल्यमापने प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. एका वळूचा जन्मवजनाचा अपेक्षित फरक +१ पौंड व दुसऱ्याचा +४ पौंड असेल, तर सारख्याच गाईंपासून झालेली दुसऱ्याची वासरे पहिल्याच्या वासरांहून सरासरीने ३ पौंड (सु. १·४ किग्रॅ.) अधिक वजनाची असतील, एवढाच त्याचा अर्थ. एखाद्या विशिष्ट वासराविषयी तो काही सांगत नाही. शून्य म्हणजे जातीची सरासरी, असेही समजू नये. सरासरी किती ते त्या त्या जातीच्या कोष्टकात पाहावे लागते.

कालवडींच्या बाबतीत सर्वांत उपयुक्त आकडा ‘प्रत्यक्ष प्रसूति-सुलभते’चा होय. मदतीवाचून होणाऱ्या प्रसूतींच्या शेकडा प्रमाणातील फरक तो दाखवितो. अँगस जातीच्या एका वळूचा हा आकडा १० व दुसऱ्याचा ४ असल्यास, पहिल्याला भरविलेल्या शंभर कालवडींमध्ये सरासरीने सहा अधिक कालवडी मदतीशिवाय वितील. जन्मवजनाची आनुवंशिकता बरीच (सु. ०·४) असून प्रसूति-सुलभतेची कमी असते; म्हणून सुलभतेचा आकडा काढताना जन्मवजनाचाही विचार आधीच केलेला असतो. दोन्ही आकड्यांवर स्वतंत्रपणे भर दिल्यास एकाच गुणाला दोनदा महत्त्व दिल्यासारखे होते आणि इतर बाबतींत चांगले असलेले वळू विनाकारण वगळले जातात.

अतिहलक्या वासरांचा हव्यासही हितकर नाही. जन्मवजन व पुढील वाढ यांत आनुवंशिक सहसंबंध असल्याने अशा वळूची वासरे दूध तोडतेवेळीही अनेकदा हलकी भरतात आणि वजनावर विक्री होत असल्याने पशुपालकाचे उत्पन्न घटते. हलकी जन्मून पुढे झपाट्याने वाढणारी संतती देणारे वळू असतात. मात्र ते शोधावे लागतात. वळूच्या मुली कळपात ठेवावयाच्या असतील, तर ‘मातृक प्रसूति-सुलभता’, म्हणजे त्या मुली स्वतः किती सहज वितील याचा वेगळा आकडा, पाहणे अगत्याचे असते. स्वतः सहज जन्मलेली परंतु लहानखुरी राहिलेली कालवड पुढे अडू शकते. सर्व वासरे विकावयाची असल्यास हा आकडा दुर्लक्षिला तरी चालतो.

प्रत्येक अनुमानासोबत ० ते १ या श्रेणीत त्याची अचूकता दिलेली असते. कृत्रिम वीर्यसेचनाने शेकडो वासरे झालेल्या वळूची अचूकता ०·९ च्या पुढे जाते. संतती नसलेल्या तरुण वळूची फार कमी असते व त्याचा आकडा पुढे बराच बदलू शकतो. त्यामुळे कालवडींकरिता सिद्ध वळूचे गोठविलेले वीर्य वापरणे अधिक सुरक्षित ठरते. २००१ मध्ये मोविसेन, हेज व गॉडर्ड यांनी संपूर्ण जीनोमभर विखुरलेल्या चिन्हकांवरून प्रजनन मूल्य काढण्याची रीत मांडली. गाईचा जीनोम २००९ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतरच्या काळात डीएनए चाचणीचे निष्कर्ष या अनुमानांत समाविष्ट होऊ लागले व तरुण वळूंची अचूकता वाढली. भिन्न जातींचे आकडे परस्परांशी थेट ताडून पाहता येत नाहीत. त्यासाठी नेब्रॅस्कातील क्ले सेंटर येथील मांसपशु-संशोधन केंद्राने समायोजनांक तयार केले आहेत.

वळू कितीही योग्य असला, तरी कालवड भरविताना तिचे वजन प्रौढ वजनाच्या सु. ६०–६५ टक्के असावे. गाभणपणाच्या अखेरीस तिचा आहार तोडून वासरू लहान ठेवण्याचा प्रयत्न काहीजण करतात. त्याने वासराचे वजन थोडे उतरते, परंतु अडण्याचे प्रमाण कमी होत नाही. माताच अशक्त होते.

भारतात गाईंची पैदास मांसासाठी होत नसल्याने ही कोष्टके येथे जशीच्या तशी लागू नाहीत. तथापि संकरित दुग्धोत्पादनात प्रश्न तोच येतो. लहान बांध्याच्या गावठी गाईंना होल्स्टाइन-फ्रिझियनऐवजी जर्सी वळूचे वीर्य देण्याची शिफारस केली जाते, त्यामागे वासराचा आकार आवाक्यात राहावा हेही एक कारण आहे.