जी दवाखान्यात गेलीच नाही, तिला विचारा

दवाखाना चांगला की वाईट, हे कशावरून ठरवायचं? रजिस्टरात किती जणी आल्या यावरून? मग जी आलीच नाही, तिची नोंद कुठं?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ संस्था सुरू केली. गोंड माणसं दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी त्यांनाच विचारलं. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत, असं लोक म्हणाले. शिवाय डॉक्टर-नर्सचे पांढरे कपडे! पांढरं कापड तर आम्ही मेलेल्या माणसाला गुंडाळतो. छापील फॉर्मात हा प्रश्न कुणी घातला असता का? मग शोधग्रामात झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला. नातेवाईक सोबत राहतात, आणि नाव लोकांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी.

आपल्या गटालाही विचारता येतं. पण खाटेजवळ, सिस्टर उभी असताना नको. तिथं सगळ्याच ‘बरं आहे’ म्हणतात. बाळंतीण घरी आली की आठ दिवसांनी तिच्या अंगणात बसा. पैसे मागितले का? औषध बाहेरून आणायला लावलं का? कोणी ओरडलं का? आईला जवळ थांबू दिलं का?

आणि जी घरीच बाळंत झाली, तिला ‘का गेली नाहीस’ असं दटावू नका. ‘काय असतं तर गेली असतीस?’ असं विचारा. तिचं उत्तर तिच्याच शब्दांत लिहा आणि आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत वाचून दाखवा.