नदीचे विष, शेताचे सोने

पुणे शहराचे सांडपाणी घेऊन मुळा-मुठा भीमेस मिळते आणि ते पाणी उजनी जलाशयात साठते. मैल्यातील नत्र व स्फुरदावर तेथे जलपर्णी व शेवाळ माजते. ते कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्ची पडून मासे गुदमरतात. आपल्या गावचा ओढाही अशाच एखाद्या नदीस मिळतो, हे विसरू नये.

वस्तुतः हेच नत्र व स्फुरद शेतकरी पैसे मोजून विकत घेतो! कणकवली येथे गोपुरी आश्रम स्थापणारे अप्पासाहेब पटवर्धन यांनी स्वतः सफाईकाम करून सोनखताचे हे मोल कोकणास पटवून दिले.

यास्तव घरोघरी दोन खड्ड्यांचा संडास बांधावा. खड्डे विहिरीपासून निदान १० मीटर दूर असावेत. एक भरताच मैला दुसऱ्यात वळवावा व पहिला दोन वर्षे बंद ठेवावा. तेवढ्या अवधीत रोगजंतू मरून मातीसारखे निर्गंध खत तयार होते. कच्चा मैला मात्र शेतात वा ओढ्यात कदापि जाऊ देऊ नये.

ग्रामसेवकांनी प्रारंभ स्वतःच्या घरापासून करावा. आपण ओढ्यात सोडतो, ते खालच्या गावाच्या घागरीत जाते.