दोन टिंबांचा यू कुठे असतो?

चिक्कडपल्लीतली सिटी सेंट्रल लायब्ररी, तिच्या आजूबाजूला दाटलेले स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी आणि त्यांच्या जिवावर चालणारी झेरॉक्सची, टायपिंगची दुकाने हे हैदराबादचे ओळखीचे चित्र आहे. याच शहरात परदेशी भाषा शिकण्याची सोयही जुनी. १९५८ साली इथे केंद्रीय इंग्रजी संस्था सुरू झाली, १९७२ मध्ये तिच्या नावात परदेशी भाषाही आल्या, आणि आज ती ‘इफ्लू’ या नावाने केंद्रीय विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. शिवाय ग्योटे-झेंट्रुम आहे, आलियाँस फ्राँसेझ आहे. जर्मनीतल्या विद्यापीठात अर्ज करणाऱ्या मुलामुलींत काचीगुडा, बरकतपुरा, नारायणगुडा भागातल्या मराठी घरांतलीही असतात. अर्जात म्युनिकचे जर्मन नाव लिहायची वेळ आली, की दोन टिंबांचा यू लागतो आणि तिथे गाडी अडते. ‘आपला कीबोर्ड इंग्रजी आहे, त्यावर हे अक्षर नाही’ असे उत्तर मिळते. मग टिंबे गाळली जातात, किंवा छापील प्रतीवर पेनाने दिली जातात. हे उत्तर इतके सरावाचे झाले आहे, की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. पण ते मुळातच चुकीचे आहे. अक्षर कीबोर्डवर नसतेच. कळ, कळीला दिलेला अर्थ, अक्षराचा क्रमांक आणि पडद्यावरची आकृती या चार वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना एकच समजल्यामुळे या विषयातले जवळजवळ सगळे गैरसमज जन्माला येतात.

कळ दाबली की कीबोर्ड संगणकाकडे अक्षर पाठवत नाही, जागेचा क्रमांक पाठवतो. यूएसबी कीबोर्डच्या ठरलेल्या तक्त्यात इंग्रजी कीबोर्डवरच्या ‘ए’ कळीचा क्रमांक ४ आहे. फ्रेंच कीबोर्डवर त्याच जागी ‘क्यू’ छापलेला असतो, तरी ती कळही ४ हाच क्रमांक पाठवते. त्या ४ चा अर्थ ‘ए’ घ्यायचा की ‘क्यू’, हे संगणकात निवडलेला लेआउट ठरवतो. म्हणून पॅरिसहून आणलेला कीबोर्ड हैदराबादच्या संगणकाला नुसता जोडला तर तो मुकाट्याने इंग्रजीच लिहितो. उलट, इथल्या साध्या कीबोर्डवर फ्रेंच लेआउट निवडला की त्यातून फ्रेंच उमटते. कळीवरचे अक्षर ही वाचणाऱ्याच्या सोयीसाठी लावलेली शाई आहे, एवढेच. तेव्हा परदेशी भाषेसाठी वेगळा कीबोर्ड विकत घ्यावा लागतो, या समजुतीला आधार नाही. त्या देशातल्या कीबोर्डवर सगळे हाताशी असते, हेही खरे नाही. विंडोजच्या जुन्या फ्रेंच लेआउटमध्ये तिरपी रेघ असलेला मोठ्या लिपीतला ‘ई’ थेट टाइप करायची सोय नव्हती. मोठ्या अक्षरांवर चिन्हे दिली नाहीत तरी चालते, असा समज खुद्द फ्रान्समध्ये बळावला आणि फ्रेंच अकादमीला तो खोडून काढावा लागला. ही उणीव भरून काढणारे नवे फ्रेंच मानक २०१९ मध्ये आले.

यावर कुणी म्हणेल, कळीवर छापलेले नसताना बोटांना ते सापडणार कसे? याचे उत्तर मराठी माणसाच्या रोजच्या कामात आहे. आपल्याकडच्या बहुतेक कीबोर्डांवर देवनागरीचे एकही अक्षर छापलेले नसते, तरी त्यांवर कार्यालयांचे पत्रव्यवहार होतात आणि ग्रंथही होतात. १९८६ पासून आकाराला आलेल्या आणि १९९१ च्या भारतीय मानकात नोंदलेल्या इनस्क्रिप्ट लेआउटने तर एक पाऊल पुढे टाकले. त्यात ‘के’च्या कळीवर मराठीतला क आहे आणि तेलुगू निवडली तर त्याच कळीवर तेलुगूतला क आहे. हैदराबादेत याहून बोलका पुरावा नको. कीबोर्ड तोच, बोट तेच, लिपी मात्र दुसरी. रुपयाचे चिन्ह २०१० मध्ये ठरले. त्यापूर्वी बनलेल्या कीबोर्डवर ते छापलेले असणे शक्यच नव्हते. तरी विंडोजमध्ये ‘इंग्लिश (इंडिया)’ लेआउट निवडून उजवी ऑल्ट आणि ४ दाबले की ते त्या जुन्या कीबोर्डवरूनही उमटते. ज्यांच्या बोटांना ळ आणि ण सापडतात, त्यांना दोन टिंबांचा यू सापडणार नाही असे मानायला कारण नाही.

दुसरा पक्का समज असा, की ही अक्षरे लिहायची तर ऑल्ट दाबून धरायची आणि आकडे पाठ करायचे. या रिवाजाला इतिहास आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये २५६ घरांची एक अक्षरयादी होती आणि तिच्यात तिरप्या रेघेचा छोटा ‘ई’ १३० व्या घरात होता. म्हणून ऑल्ट धरून १३० दाबले की तो यायचा. पुढे विंडोजने दुसरी यादी घेतली. तिच्यात तो २३३ व्या घरात गेला, आणि तिथल्या आकड्याआधी शून्य द्यायची पद्धत पडली: ०२३३. म्हणजे एकाच अक्षराचे दोन आकडे झाले, आणि दोन्ही आजतागायत चालतात. पण त्यांना उजवीकडचा आकड्यांचा वेगळा संच लागतो, नम-लॉक सुरू असावे लागते आणि लहान लॅपटॉपवर तो संच नसतोच. वर्षातून एकदा एखादे अक्षर लागणाऱ्याला हे आकडे पुरतील. परंतु जर्मन निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या माथी हा तक्ता मारणे म्हणजे त्याला टिंबे गाळायलाच शिकवणे होय. वर्डमध्ये कंट्रोल आणि अपॉस्ट्रॉफी, मग ‘ई’, अशी सोपी जोडणी आहे. पण ती वर्डची आहे, ब्राउझरमध्ये उघडलेल्या अर्जात ती चालत नाही.

खरी सोय आहे ती ‘युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल’ या लेआउटची. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये भाषेच्या पानावर, इंग्रजीच्या पर्यायांत कीबोर्ड म्हणून तो जोडता येतो, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. यात अपॉस्ट्रॉफी दाबल्यावर पडद्यावर काही दिसत नाही. पाठोपाठ ‘ई’ दाबला की तिरप्या रेघेचा ‘ई’ येतो. अवतरणचिन्हानंतर ‘यू’ दाबला की दोन टिंबांचा यू, आणि लाटेच्या चिन्हानंतर ‘एन’ दाबला की स्पॅनिशमधला लाटेचा एन. अशा कळीला डेड की म्हणतात. हे नाव टाइपरायटरवरून आले. ती कळ कागदावर खूण उमटवायची पण कॅरेज पुढे सरकवायची नाही, म्हणून पुढचे अक्षर त्याच जागी, खुणेखाली पडायचे. रेमिंग्टन पद्धतीने मराठी शिकलेल्यांना हा क्रम परका वाटू नये. तिथेही पहिली वेलांटी अक्षराच्या आधीच टाइप होते. मॅकवर ऑप्शन आणि ‘ई’, मग पुन्हा ‘ई’, किंवा कळ दाबून धरून निवड, असा मार्ग आहे. लिनक्सवर कंपोज की आहे. तत्त्व सगळीकडे एकच: आधी खूण, मग अक्षर.

या लेआउटवरचा आक्षेप रास्त आहे. इंग्रजी लिहिताना अपॉस्ट्रॉफी लगेच उमटत नाही, तिच्यानंतर बऱ्याचदा स्पेस दाबावी लागते आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला तर अवतरणचिन्हे क्षणोक्षणी लागतात. पण कुणी हा लेआउट कायमचा लावून ठेवायला सांगत नाही. साधा इंग्रजी, इंटरनॅशनल आणि मराठी असे तिन्ही ठेवून विंडोज कळ आणि स्पेस यांनी बदलत राहावे. मराठी-इंग्रजी असे दोन लेआउट फिरवणाऱ्याला तिसरा जड नाही. या लेआउटची मर्यादाही सांगितली पाहिजे. मराठी-संस्कृत शब्द रोमन लिपीत शास्त्रशुद्ध लिहायला दीर्घ स्वरावरची आडवी रेघ आणि ट, ड, ण यांच्यासाठी अक्षराखालचे टिंब लागते. ते त्यात नाही. मॅकच्या ‘एबीसी-एक्स्टेंडेड’मध्ये मात्र दोन्ही आहेत.

आता फाँटविषयीचा समज. फ्रेंच अक्षरांसाठी फ्रेंच फाँट घालावा लागतो, असे अनेकांना वाटते. हा समज कुठून आला ते आपल्याच इतिहासात दिसते, आणि म्हणून त्याच्याशी जरा थांबायला हवे. युनिकोड रुळण्यापूर्वी देवनागरीला त्या २५६ घरांत जागाच नव्हती. तेव्हा फाँट बनवणाऱ्यांनी युरोपीय अक्षरांच्या घरांत आपल्या आकृत्या बसवल्या. सी-डॅकच्या योगेश, सुरेख या फाँटांत तिरप्या रेघेच्या मोठ्या ‘ई’च्या घरात काना होता. अशी फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली, की ‘महाराष्ट्र शासन’ या अक्षरांऐवजी तिरप्या रेघांच्या ई आणि यूंची गिचमीड दिसे. श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये काम केलेल्या प्रत्येकाने असे काहीतरी पाहिले आहे, आणि हैदराबादच्या डीटीपीवाल्यांना तेलुगूच्या अनु फाँटांनी हाच अनुभव दिला आहे. म्हणजे ज्या परदेशी अक्षरांना आपण ‘आपल्या संगणकात नाहीत’ म्हणतो, ती संगणकात पहिल्यापासून होती. नव्हते ते आपले क आणि ळ. त्या गिचमिडीतून ‘फाँट बदलला की अक्षर बदलते’ असा धडा मराठी टंकलेखनाने घेतला, आणि त्या काळापुरता तो बरोबर होता. १९९१ मध्ये पहिली आवृत्ती निघालेल्या युनिकोडने तो रद्द केला. आता तिरप्या रेघेचा ‘ई’ २३३, क २३२५, ळ २३५५. प्रत्येकाचा क्रमांक स्वतःचा, फाँट कोणताही असो. फाँट फक्त आकृती पुरवतो. आज फ्रेंच मजकुरासाठी कुणी वेगळा फाँट मागत असेल तर बहुधा तो जुन्या सवयीनेच मागतो आहे.

इतका खटाटोप कशासाठी, टिंबे गाळली म्हणून काय बिघडते, हा प्रश्न उरतो. मला हा गैरसमज सर्वांत नुकसानीचा वाटतो. या खुणा नटवायला दिलेल्या नाहीत. जर्मनमध्ये ‘शोन’ म्हणजे आधीच आणि ‘श्योन’ म्हणजे सुंदर. लिहिताना फरक फक्त ओ-वरच्या दोन टिंबांचा. फ्रेंचमध्ये ‘ऊ’ असा एकच उच्चार असलेले दोन शब्द आहेत, एकाचा अर्थ किंवा, दुसऱ्याचा कुठे. कान तो फरक सांगू शकत नाही; यू-वरची उतरती रेघच सांगते. स्पॅनिशमध्ये ‘आन्यो’ म्हणजे वर्ष. लाट गाळली तर उरतो ‘आनो’, म्हणजे गुदद्वार, आणि अर्जात वय लिहिताना नेमका हाच शब्द लागतो. टिंब गेले की रंगाची रग होते आणि कंसाचा कस होतो, हे माहीत असलेल्या वाचकाला यापुढे सांगायला नको. लाटेच्या एनला स्पॅनिशमध्ये वर्णमालेत वेगळे स्थान आहे. १९९१ मध्ये, त्या अक्षराविना कीबोर्ड विकू न देणारा स्पेनचा नियम मुक्त व्यापाराच्या आड येतो, अशी हरकत युरोपीय समुदायातून आली, तेव्हा स्पेनने माघार घेतली नाही. १९९३ मध्ये सांस्कृतिक वारशाचा आधार घेऊन त्या सरकारने तो नियम नव्याने केला. एका कळीसाठी एक देश उभा राहिला.

जर्मन लोकच दोन टिंबांऐवजी पुढे ‘ई’ जोडून लिहितात, मग आपण का नको? ते खरे आहे, पण त्यात गाळणे नाही, बदली आहे. टिंबे काढली तर त्यांच्या जागी ‘ई’ येतो, आणि वाचणाऱ्याला मूळ अक्षर कळते. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ओळींत आंतरराष्ट्रीय नियमानुसार फक्त साधी रोमन मोठी अक्षरे, आकडे आणि एक भरणीचे चिन्ह चालते, म्हणून जर्मन पासपोर्टात वर टिंबे असतात आणि खाली ‘यू-ई’. विमानाच्या तिकिटावर त्या ओळींप्रमाणे लिहावे. पासवर्डातही या खुणा टाळलेल्या बऱ्या, कारण परक्या संगणकावर त्या ऐनवेळी सापडत नाहीत. पण फ्रेंचला किंवा स्पॅनिशला ही ‘ई’ची पळवाट नाही, आणि निबंधात, पत्त्यात, माणसाच्या नावात जिथे खूण चालते तिथे ती द्यायलाच हवी.

राहिला कॉपी-पेस्टचा उपाय. तो चालतो, पण डोळ्यांना न दिसणारी एक अडचण घेऊन येतो. युनिकोडमध्ये तिरप्या रेघेचा ‘ई’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: २३३ हा एकच क्रमांक, किंवा साधा ‘ई’ आणि त्यापुढे ७६९ क्रमांकाची सुटी रेघ. दिसायला दोन्ही सारखे. दोन्ही समान माना, असे युनिकोडचे नियम सांगतात, पण शोध घेणारा प्रत्येक प्रोग्रॅम ते पाळतोच असे नाही. मग समोर असलेला शब्द सापडत नाही. मराठीत ‘दऱ्या’मधला ऱ असाच आहे, एका क्रमांकाचा किंवा र आणि नुक्ता मिळून. ‘ॲ’ची गोष्ट याहून बिकट. २००८ पर्यंत त्याला स्वतःचा क्रमांक नव्हता, म्हणून अ लिहून त्यावर चंद्र दिला जाई. आता २४१८ हा स्वतंत्र क्रमांक आहे, पण जुनी जोडणी आणि नवे अक्षर युनिकोडच्या नियमांतही समान धरलेले नाहीत. ज्या खुणांविषयी हे सगळे चालले आहे, त्यांचे ‘ॲक्सेंट’ हे नावच मराठीत दोन तऱ्हांनी टाइप झालेले आहे, आणि एका तऱ्हेने शोधले तर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले निसटून जाऊ शकते.