जुन्या हायब्रीड मोटारीचे नवे टायर

मोटारीचे भाग हजारों असले तरी जमिनीशीं प्रत्यक्ष संबंध येणारे भाग चारच होत. प्रत्येक टायराचा जो अंश कोणत्याहि क्षणीं रस्त्यास टेकलेला असतो, तो मोठ्या माणसाच्या तळहाताएवढाच भरेल. गाडीचें वजन, आंत बसलेली माणसें, वेग, वळण आणि ऐन वेळीं लावलेला ब्रेक ह्या सर्वांचा भार ह्या चार तळहातांवर असतो. असें असून टायर घेण्याची वेळ आली म्हणजे आपल्याकडील गृहस्थ दुकानांत उभ्या उभ्या पांच मिनिटांत निर्णय करून मोकळा होतो. लुगडें घेतांना ह्याहून अधिक चौकशी होते. नांदेड व लातूर येथील आमच्या पालकवर्गांत आतां हायब्रीड मोटारीहि आहेत व त्यांतील कांहीं जुन्या झाल्या आहेत. त्यांचे टायर बदलतांना काय पाहावें, हें येथें सांगण्याचा आमचा विचार आहे. विद्यार्थ्यांसहि ह्यांत पदार्थविज्ञान व अंकगणित ह्यांचें थोडें काम आहे, म्हणून त्यांनीं हीं पानें उलटून पुढें जाऊं नये.

प्रथम हायब्रीड म्हणजे काय तें थोडक्यांत. पेट्रोल वा डिझेलच्या एंजिनास विजेच्या यंत्राची जोड दिलेली ती हायब्रीड मोटार. टोयोटा कंपनीनें १९९७ सालीं जपानांत ‘प्रियस’ ही गाडी विक्रीस आणली. हिंदुस्थानांत होंडाची ‘सिव्हिक हायब्रीड’ २००८ सालीं व टोयोटाची ‘कॅमरी हायब्रीड’ २०१३ सालीं आली. तथापि मध्यम वर्गाच्या दारांत हा शब्द नेला तो मारुतीच्या ‘सियाझ’ व ‘अर्टिगा’ ह्या गाड्यांनीं, २०१५ सालापासून. ह्या शेवटच्या दोन गाड्या सौम्य हायब्रीड होत: त्यांतील विजेचें यंत्र एंजिनास हातभार लावतें, परंतु एकट्याच्या बळावर गाडी ओढीत नाहीं. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. वेग कमी होत असतां गाडीची जी गति एरवीं ब्रेकमध्यें उष्णता होऊन फुकट जाते, तिचा कांहीं भाग विजेच्या रूपानें बॅटरींत परत सांठविला जातो.

येथेंच एक गैरसमज उत्पन्न होतो. हायब्रीड गाडीचे ब्रेक कमी झिजतात, हें विशेषतः पूर्ण हायब्रीडच्या बाबतींत खरें आहे. त्यावरून टायरहि कमी झिजत असतील असा तर्क लोक करितात. तो चुकीचा आहे. गाडी ब्रेकनें थांबो वा विजेच्या यंत्रानें थांबो, थांबविणारें बळ शेवटीं टायर आणि रस्ता ह्यांच्यामधूनच जाणार. विजेचें यंत्र ज्या चाकांना जोडलेलें असतें तीं बहुधा पुढचीं असतात. म्हणजे गाडी ओढावयाची तीहि पुढच्या टायरांनीं, आणि वीज परत मिळवावयाची तीहि त्यांनींच. सबब अशा गाडीचे पुढचे टायर मागच्यांपेक्षां लवकर उतरतात. सुमारें दर दहा हजार किलोमीटरांनीं पुढचे मागें व मागचे पुढें करून घेणें हा त्यावर साधा उपाय आहे. तो बहुतेकांस ठाऊक असतो व थोडेच लोक करितात.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. हायब्रीड गाडी घेणारा इंधन वांचविण्याच्या हेतूनें ती घेतो. म्हणून नवे टायर घेतांना तो ‘मायलेज देणारा टायर द्या’ एवढेंच म्हणतो, आणि दुकानदार ‘हा घ्या’ असें म्हणतो. ह्या दोन वाक्यांत एक महत्त्वाची गोष्ट सुटून जाते. मुलांनो, रबराचा चेंडू हातांतून खालीं सोडून पाहा. तो मूळ उंचीपर्यंत परत येत नाहीं. दबतांना त्यानें जी शक्ति घेतली तिचा कांहीं अंश उष्णतेंत गेला. टायराचा तळहाताएवढा भाग प्रत्येक फेऱ्यांत असाच दबतो व सुटतो, आणि दर वेळीं थोडी शक्ति खर्च होते. ती जितकी कमी खर्च होईल तितकें इंधन वांचेल. परंतु ओल्या रस्त्यावर रबर खडीच्या बारीक टोंकांस धरून राहतें तें देखील ह्याच दबण्या-सुटण्याच्या गुणानें! फार उसळणारें रबर पकडींत कमी पडतें. घट्ट पकडणारें रबर इंधन खातें. पूर्वीं ह्या दोन गुणांचें वैर मिटत नसे. पुढें १९९२ सालीं मिशेलिन कंपनीनें काजळीच्या जागीं बऱ्याच अंशीं सिलिका, म्हणजे वाळूंतील मुख्य द्रव्य, मिसळलेले टायर बाजारांत आणले, आणि दोन्ही गुण एका टायरांत बरेचसे नांदूं लागले. तरी हें वैर समूळ गेलें असें समजूं नये. स्वस्त टायरांत एका गुणासाठीं दुसऱ्याचा बळी अजूनहि दिला जातो.

मग इंधनाच्या बचतीस किंमत तरी किती द्यावी? हिशेब करूं. टायरांचा हा रोध दहा टक्क्यांनीं घटला तर इंधन साधारणपणें एक ते दोन टक्के वांचतें, असा तज्ज्ञांचा ठोकताळा आहे. गाडी वर्षास १२,००० किलोमीटर चालते व लिटरला २० किलोमीटर देते असें धरल्यास वर्षाचें इंधन ६०० लिटर झालें. त्याचे दोन टक्के म्हणजे १२ लिटर. लिटरचा भाव शंभर रुपये धरला तर वर्षाची बचत १,२०० रुपये, महिन्याची शंभर. ही रक्कम तुच्छ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. चार वर्षांत तींतून एका टायराची किंमत निघूं शकेल. परंतु पावसांत ब्रेक लावल्यावर गाडी समोरच्या बैलगाडीच्या अलीकडे थांबली कीं पलीकडे, ह्या प्रश्नाशेजारीं महिना शंभर रुपये ठेवून पाहिले म्हणजे कोणता गुण आधीं पाहावयाचा हें ठरविण्यास पदवीची गरज पडत नाहीं. ओल्या रस्त्यावरील पकड प्रथम, रोध नंतर, आणि ‘दुकानांत किती सूट आहे’ हें सर्वांच्या शेवटीं, असा क्रम आम्ही लावतों. आपल्या सरकारनेंहि २०२२ सालीं मोटारींच्या टायरांसाठीं रोध, ओली पकड व आवाज ह्या तिहींच्या मर्यादा नियमांत घातल्या, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आमच्या भागांत ओल्या पकडीचें महत्त्व विशेष आहे. तुळजापूर, औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा व नांदेड अशीं गांवें जोडीत जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग घ्या. दोन्ही बाजूंस काळी जमीन. शेतांतून निघणारा ट्रॅक्टर चाकांस चिकटलेली माती डांबरावर टाकीत जातो, आणि मृगाची पहिली सर आली कीं तिचा साबणासारखा थर होतो. नव्या टायराच्या नक्षींतील खोल चरांतून पाणी व हा चिखल बाजूस सारला जातो. चर उथळ झाले कीं टायर पाण्यावर तरंगूं लागतो. सुकाणू हातांत असून गाडी हातांत नसते. चरांच्या तळाशीं रबराचे लहान उंचवटे असतात, त्यांची उंची १.६ मिलिमीटर. नक्षी झिजून त्यांच्या पातळीस आली कीं टायराचें आयुष्य संपलें. आम्ही तर म्हणूं कीं मृगापूर्वीं चर तीन मिलिमीटरांहून उथळ दिसले तर दिवाळीची वाट पाहूं नये.

टायराच्या कुशीवर जो मंत्र कोरलेला असतो तो आतां वाचूं या. समजा, ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ असें लिहिलें आहे. १८५ ही मिलिमीटरांत रुंदी. ६५ म्हणजे कुशीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल, आंतील दोरे अरांप्रमाणें आडवे बसविलेला. १५ हा लोखंडी रिमचा व्यास, इंचांत. आतां गणित करा: १८५ चे ६५ टक्के १२०.२५, त्याची दुप्पट २४०.५, पंधरा इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर, बेरीज ६२१.५ मिलिमीटर. हा पूर्ण चाकाचा व्यास. सियाझच्या कांहीं गाड्यांस हें माप होतें, व वरच्या प्रतीच्या गाड्यांस ‘१९५/५५ आर १६’. त्याचेंहि गणित करून पाहा, उत्तर ६२०.९ येतें. मापें दिसण्यांत निराळीं, परंतु चाक अर्ध्या मिलिमीटराच्या आसपासच्या फरकानें तेंच! कारखान्यांतील माणसांनीं हें गणित आधींच करून ठेवलेलें असतें, आणि दुकानांत ‘थोडा रुंद बसवा, गाडी भारदस्त दिसेल’ असें म्हणणारा तें विसरावयास लावतो. त्याच १५ इंची रिमवर ‘१९५/६५’ चढविला तर व्यास ६३४.५ होतो, म्हणजे दोन टक्क्यांनीं मोठा. वेगदर्शक शंभर दाखवील तेव्हां खरा वेग १०२ असेल. शिवाय रुंद टायर जड असतो व हवेस अधिक अडवितो. हायब्रीडनें कण कण जमविलेली बचत तो दिखाऊपणावर उधळतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर माप व हवेचा दाब ह्यांचें पत्रक चिकटविलेलें असतें. त्याबाहेर जाण्याचें कांहीं कारण नाहीं.

शेवटचे ‘८८’ व ‘एच’ हे अंक-अक्षर बहुतेक लोक वाचीतच नाहींत. ८८ ह्याचा अर्थ तो टायर ५६० किलो भार वाहूं शकतो. ८४ असेल तर ५००. हायब्रीडमध्यें बॅटरीचें जादा वजन असतें, आणि अर्टिगांत सात माणसें व लग्नाचें सामान भरलें म्हणजे हा आंकडा कामास येतो. मूळच्यापेक्षां कमी आंकड्याचा टायर फुकट मिळाला तरी घेऊं नये. ‘एच’ ही ताशी २१० किलोमीटरांपर्यंतच्या वेगाची खूण. ती सहनशक्तीची कसोटी आहे, परवानगी नव्हे, हें आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानीं घ्यावें. अलीकडे विजेच्या मोटारींसाठीं म्हणून निराळे महाग टायर निघाले आहेत. जुन्या सौम्य हायब्रीडला त्यांची गरज नाहीं. तो पैसा चांगल्या प्रतीच्या साध्या टायरांत घालावा.

टायराचें वय हा विषय त्याहून नाजूक आहे. रबर न चालतांहि म्हातारें होतें. ऊन, उष्णता आणि हवेंतील ओझोन त्यास कठीण व भेगाळ करितात. आमच्याकडे मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो व गाडी दिवसभर उघड्यावर उभी असते, तेव्हां ही क्रिया थंड मुलखापेक्षां लवकर होणार हें उघड आहे. कुशीवर लंबवर्तुळांत चार अंक असतात: ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. कमी चाललेली जुनी हायब्रीड विकत घेणाऱ्यास नक्षी खोल दिसते व तो खूष होतो. त्यानें हे चार अंक वाचावे. पांच वर्षांनंतर दर वर्षीं जाणत्याकडून तपासणी व दहा वर्षांनंतर कोणत्याहि स्थितींत निवृत्ति, असा बनविणाऱ्यांचा सल्ला असतो. आमच्या उन्हांत दहाची वाट कोणी पाहूं नये. हाच नियम डिकींत झोपलेल्या स्टेपनीसहि लागू आहे.

आतां हवा. तिला पैसे पडत नाहींत म्हणूनच तिची उपेक्षा होते. मे महिन्यांत दुपारीं ४० अंशांत ३३ पौंड हवा भरली आणि नाताळच्या सुटींत पहाटे १२ अंशांत पुण्यास निघालों, तर एक कणहि हवा गळालेली नसतां दाब २९ च्या आसपास उतरलेला असतो. वायूंचा नियम शिकलेल्या मुलांनीं हें ताडून पाहावें. मात्र वातावरणाचा दाब मिळवून व उष्णता निरपेक्ष अंशांत घेऊन गणित करावें. कमी हवेचा टायर अधिक दबतो, अधिक तापतो, अधिक इंधन खातो. म्हणजे बचतीचा टायर घेऊन हवा न पाहणारा मनुष्य बचत एका खिशांत घालून दुसऱ्या फाटक्या खिशांतून सांडीत असतो. लांबच्या सरळ रस्त्यावर हाच ताप जिवावर बेततो. नागपूर-मुंबई समृद्धि महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाल्यावर टायर फुटून अपघात होऊं लागले, आणि २०२३ सालीं परिवहन खात्यास प्रवेशद्वारींच टायर तपासून झिजलेल्या गाड्या परत पाठवाव्या लागल्या. महिन्यांतून दोन वेळां, सकाळीं, चाकें थंड असतां हवा पाहावी. तापलेल्या टायराचा दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडूं नये. पंपावर विकत मिळणाऱ्या नायट्रोजनविषयीं एवढेंच सांगतों कीं साध्या हवेंत तो ७८ टक्के फुकटच असतो.

टायर कोणत्या कंपनीचा घ्यावा, असें आम्हांस विचारतील. नांव सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं. गुडइअर व बालकृष्ण ह्या कंपन्यांचे टायर आमच्याच मराठवाड्यांत वाळूज येथें होतात, तेव्हां परदेशी शिक्का म्हणजेच गुण, हा समज सोडावा, कुशीवर आय.एस.आय. ची खूण मात्र अवश्य पाहावी. जुनी नक्षी तासून चर खोल केलेला किंवा वरून नवें रबर चढविलेला टायर कुटुंबाच्या मोटारीस लावूं नये.

चारहि एकदम घेण्याची ऐपत नसेल तर दोन घ्यावे, पण एका मापाचे व एका प्रतीचे. ते बसवावे मागें. ओढणारीं चाकें पुढचीं असतां नवे टायर मागें कां, असें फिटर विचारील. पुढचीं चाकें पाण्यावर घसरलीं तर गाडी सरळ जाते व वेग कमी करून ती सांवरतां येते, मागचीं घसरलीं तर गाडी भोंवऱ्यासारखी फिरते, असें त्यास सांगावें. बसवितांना बॅलन्सिंग व अलाइनमेंट करून घ्यावें, हवा भरण्याच्या तोटीचे रबरी नळहि नवे बसवून घ्यावे, आणि पैसे देण्यापूर्वीं प्रत्येक टायराचे ते चार अंक बिलावर लिहवून घ्यावे.