साप्ताहिक वेचे : मुंबईच्या दप्तरातील कतार

या आठवड्यात तंत्रज्ञानाच्या वार्ता पुष्कळ आल्या. परंतु दोह्यात राहणाऱ्या मराठी वाचकाने आवर्जून पाहावे असे मला जे सापडले ते जुन्या कागदांचे भांडार आहे, आणि म्हणून हा लेखांक सर्वस्वी त्यालाच देतो. कतार फाउंडेशन, कतार राष्ट्रीय ग्रंथालय आणि लंडनची ब्रिटिश लायब्ररी यांनी मिळून 2014 च्या ऑक्टोबरात 'कतार डिजिटल लायब्ररी' सर्वांसाठी विनामूल्य खुली केली, आणि प्रारंभी सुमारे 5 लाख पृष्ठांचा असलेला हा संग्रह आता 20 लाखांच्या पुढे गेला आहे.

या कागदांत मुंबईचे नाव वारंवार भेटते, याचे कारण असे की, इराणच्या किनाऱ्यावर बुशहर येथे राहून आखाताचा कारभार पाहणारा इंग्रज रेसिडेंट 1873 पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता, आणि त्याचे खलिते व अहवाल मुंबईच्या कचेरीत दाखल होत. 1867 मध्ये बहरीन व अबू धाबीच्या आरमारांनी दोहा आणि वक्रा लुटून उद्ध्वस्त केल्यावर पुढील वर्षी रेसिडेंट लुईस पेली याने कतारचे प्रमुख मोहम्मद बिन सानी यांच्याकडून, समुद्रमार्गे युद्धास न निघण्याची आणि तंटा उपस्थित झाल्यास तो रेसिडेंटकडे नेण्याची कबुली देणारा जो करारनामा 12 सप्टेंबर 1868 रोजी लिहून घेतला, तो कतारच्या पृथक् राजकीय अस्तित्वाचा आद्य लेखी आधार मानला जातो. परक्या सत्तेने आपल्या सोयीसाठी राखलेल्या दप्तरातून एखाद्या राष्ट्राने स्वतःचा पूर्ववृत्तान्त असा परिश्रमपूर्वक उभा करावा, याचे मला फार अप्रूप वाटते.

कागदांची छायाचित्रे घेणे हा या कार्यातील सोपा भाग होय. खरे कष्ट सूचीकारांचे, कारण त्या करारनाम्याच्या इंग्रजी प्रतीत देशाचे नाव 'गुत्तुर' असे लिहिलेले आहे, आणि आजच्या नावाने शोध करणाऱ्यास तो कागद सापडावयाचा असेल तर जाणत्या माणसाने तो वाचून त्याचे वर्णन इंग्रजीत व अरबीत लिहून ठेवलेले असावे लागते. छापील मजकूर यंत्र बऱ्यापैकी वाचते. जुन्या हस्ताक्षरापाशी मात्र ते अडखळते.

आखाताचा हिंदुस्थानशी असलेला हा व्यवहार कागदापुरता नव्हता. येथील बाजारात आपला रुपया चाले. सोन्याच्या चोरट्या व्यापारास आळा घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेने 1959 मध्ये आखातासाठी त्याच मोलाचा निराळा रुपया काढला, आणि 1966 च्या जूनमध्ये आपल्या रुपयाचे अवमूल्यन होताच कतारने तो आखाती रुपया सोडून दिला.

हे पाहताना पुण्याच्या पेशवे दप्तराची आठवण होणे अपरिहार्य आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात त्यातील निवडक कागदांचे 45 खंड संपादून प्रसिद्ध केले, आणि ते ऋण फेडता येण्याजोगे नाही. परंतु मोडी लिपीतील कोट्यवधी कागदांपुढे ती निवड अल्पच ठरते. तेथेही आरंभ सूचीकारांपासून व्हावा, मोडी जाणणाऱ्या तरुणांना त्या कामी नियमित वेतनावर नेमावे आणि प्रत्येक रुमालाचे, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्याचे, वर्णन मराठीत व इंग्रजीत तयार होताच ते सर्वांस विनामूल्य खुले करावे, अशी माझी महाराष्ट्र शासनाकडे आग्रहाची मागणी आहे.