लाटेचं माप

नारळीपौर्णिमेला समुद्राला दिलेला नारळ एकदा का फुटत्या लाटांच्या पलीकडे गेला, की बराच वेळ जवळजवळ एकाच जागी दिसत राहतो. लाट आली की वर चढतो, माथ्यावर थोडा किनाऱ्याकडे सरकतो, घळीत उतरताना तेवढाच मागे जातो. नजर ठरवून पाहिलं तर तो उभं वर्तुळ काढतो आहे, हे कळतं. किनाऱ्याकडे लाट येते, पाणी येत नाही. पाणी आपल्या जागी फिरतं आणि ऊर्जा पुढच्या पाण्याच्या हवाली करतं.

वर्तुळं खाली खाली लहान होत जातात. लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर ती जवळपास संपतातच. एका माथ्यामागून दहा सेकंदांनी दुसरा येत असेल, तर खोल समुद्रात त्या दोन माथ्यांमध्ये सुमारे १५६ मीटर अंतर असतं आणि माथे ताशी ५६ किलोमीटरच्या आसपास धावतात. अशा लाटेला ७८ मीटरपेक्षा खोल तळाची खबरच नसते. त्याहून उथळ पाण्यात आली की ती तळाला अडखळते, मंदावते, मागून येणारी लाट जवळ येते, उंची वाढते आणि शेवटी माथा पुढे कोसळतो. कोकणात खडकाळ टोकांवर लाटा जोरात आपटतात आणि दोन टोकांमधल्या पुळणीवर सौम्य होऊन येतात, त्याचंही कारण हेच. टोकासमोरचं पाणी आधी उथळ होतं, तिथे लाट आधी मंदावते आणि बाजूची लाट त्या टोकाकडे वळते.

आता २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी घ्या. तिची लांबी शेकडो किलोमीटर. तिच्या हिशेबात चार किलोमीटर खोल महासागर म्हणजे घोटाभर पाणी. ती पहिल्यापासून तळाला टेकूनच चालली होती. उथळ पाण्यात लाटेचा वेग फक्त खोलीवर ठरतो. चार हजार मीटरवर तो ताशी ७०० किलोमीटर भरतो, दहा मीटरवर ३६. मोकळ्या समुद्रात तिची उंची मीटरभरही नव्हती. ज्या होड्या तेव्हा खोल पाण्यात होत्या, त्यांच्याखालून ती गेलेली कळलीसुद्धा नसेल.

लाटांविषयी मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच. समोर काय आलं, एवढ्यावर लाटेचं वागणं ठरत नाही. तिच्या लांबीच्या मानाने ते किती मोठं आहे, यावर ठरतं. मिरवणूक अजून कोपऱ्यापलीकडे असते तेव्हा आधी ढोल ऐकू येतो, ताशा नाही. ढोलाच्या खर्ज आवाजाची लाट तीन-चार मीटर लांब, ती घराच्या कोपऱ्याला वळसा घालून येते. ताशाच्या तडतडीतल्या लाटा काही सेंटिमीटरच्या; त्या सरळ जातात आणि भिंतीवर आपटून परततात. प्रकाशाची लाट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, म्हणून ढोलवाले दिसतात सगळ्यांत शेवटी.

पण लाट एखाद्या तारेत असेल आणि तारेची दोन्ही टोकं बांधून टाकली तर? मग लाटेला जायला वाट राहत नाही. टोकावरून परतलेली लाट येणाऱ्या लाटेत मिसळते आणि तारेच्या लांबीत नेमक्या बसणाऱ्या लाटाच तेवढ्या टिकतात: तारेत एक वळण, दोन वळणं, तीन, चार, पाच. तानपुऱ्याचा खर्ज सोयीसाठी सेकंदाला १०० कंपनांचा धरू. त्याच तारेत २००, ३००, ४००, ५०० हेही स्वर एकाच वेळी बोलत असतात. ४०० हा वरचा षड्ज, आणि ५०० म्हणजे त्याच्या सव्वापट, गंधार. तानपुऱ्यावर गंधाराची तार नसते, तरी गंधार ऐकू येतो. आपल्याकडे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात, आणि याहून नेमकं नाव मला सुचत नाही.

तो इतका ठसठशीत ऐकू येण्यामागे घोडीचा हात आहे. तानपुऱ्याची घोडी धारदार नसते, रुंद आणि किंचित उतरती असते. तार हलताना त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. मिरजेचे कारागीर कानशीने घासून जवारी काढतात तेव्हा हाच उतार केसाकेसाने बदलत असतात. मग तारेखाली सुती दोरा सरकवायचा. एका जागी तार मुकी, किंचित पुढे नेला की अचानक उजळते. तार जिथे छेडली तिथे ज्या स्वराचा निस्पंद बिंदू, म्हणजे न हलणारी जागा, असते, तो स्वर उमटू नये असा जुना नियम आहे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखवलं की तानपुरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत. याचं श्रेय त्यांनी घोडीला दिलं.

जोडीच्या तारा मिळवताना आणखी एक गोष्ट कानाला कळते. एक तार २०० आणि दुसरी २०१ कंपनांची असेल, तर आवाज सेकंदातून एकदा फुगतो, एकदा ओसरतो. मणी सरकवत जावं तसं ते फुगणं संथ होतं आणि नाहीसं झालं की तारा मिळाल्या. दोन लाटांचे माथे कधी जुळतात, कधी माथ्याखाली घळ येते, एवढाच हा खेळ.

पुणे जिल्ह्यातल्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण माथ्यांच्या याच जुळण्यावर चालते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात उभ्या आहेत. त्यांनी पकडलेल्या लाटा जुळवल्या की सगळ्या मिळून तेवढ्या पसाऱ्याच्या एका दुर्बिणीसारखं बारीक पाहता येतं. ती उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी त्या तबकड्या भरीव पत्र्याऐवजी तारेच्या जाळीच्या बांधल्या. जाळीतून ऊन खाली पडतं, वारा आरपार जातो, पण २१ सेंटिमीटरची किंवा त्याहून लांब रेडिओ लाट परावर्तित होते. जाळीची भोकं तिच्या लांबीपुढे नगण्य, म्हणून तिच्या लेखी ती सलग भिंतच.

जून २०२३ मध्ये जगभरच्या काही गटांनी अतिसंथ गुरुत्वीय लाटांचे पुरावे मांडले. त्यांत खोडदच्या निरीक्षणांचाही वाटा होता. या लाटांची लांबी प्रकाशवर्षांत मोजायची. पृथ्वीएवढी दुर्बीणही त्यांच्यापुढे धुळीचा कण, म्हणून मोजपट्टी धरली ती थेट स्पंदक ताऱ्यांपासून, म्हणजे घड्याळासारखे नियमित रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्यांपासून, आपल्यापर्यंतची. त्या ताऱ्यांचे ठोके किंचित लवकर येतात की उशिरा, हे वर्षानुवर्षं टिपत राहायचं. अशी एक लाट पुरी व्हायलाच काही वर्षं लागतात.